कुठल्या खुर्चीवरून बघितलंत?

नसरीन मॅडम माझ्याशी बोलल्या तो पहिला शब्द होता, "उठा."

मी उठलो. नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात बसून मी पुष्कळांना बसवलं होतं, थोड्यांना उठवलंही होतं. पण माझ्याच खुर्चीवरून मला कोणी असं उठवलं नव्हतं. माझी तक्रार साधी होती. उमेदवारांच्या मुलाखती आम्ही कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये व्हिडिओ कॉल लावून घ्यायचो, आणि समोरचा माणूस ऐन उत्तराच्या मध्ये तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठायचा. आधीच्या आयटीवाल्यांना फोन केला की ते त्यांच्या गार खोलीतून सांगायचे, "आमच्याकडून ओके दिसतंय." मग मी फोन ठेवायचो आणि उमेदवाराच्या उघड्या तोंडाकडे बघत बसायचो.

या मॅडम नवीन आल्या होत्या. ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या, चष्मा कपाळावर ओढणीत खोचलेला. माझ्या खुर्चीत बसल्या, तिची उंची स्वतःच्या मापाने खाली केली, माझा चहाचा कप लांब सारला आणि माझ्या पडद्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला उगाच संकोच वाटू लागला.

"तुमच्या खोलीतून नाही का बघता येत हे?" मी विचारलं.

"येतं की. पण माझ्या खोलीतून माझं दिसतं. तुमचं काय होतंय ते तुमच्याच खुर्चीवरून दिसणार ना, कोळपे?"

पहिल्याच भेटीत नुसतं 'कोळपे'. ना भाऊ, ना साहेब. मला राग आला होता हे खरं. पुढे कळलं की त्या सगळ्यांनाच आडनावाने हाक मारतात, आणि ज्याच्यावर खरोखर रागावतात त्यालाच 'साहेब' म्हणतात.

ही खुर्चीची सवय त्यांच्या घरातली. मुकुंदनगरला त्यांच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतकरी जळलेली मोटर घेऊन यायचे, वडील तिच्या तारा नव्याने भरून द्यायचे, दुकानात चालवून दाखवायचे, आणि दुसऱ्या दिवशी तोच शेतकरी परत दारात. "दुकानात चालती वो, पर हिरीवर चालत न्हाई." दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आमच्याकडून ओके. अब्बा मात्र सायकल काढायचे आणि थेट विहिरीवर जायचे. कधी वायर कुजलेली निघे, कधी विजेचा दाबच कमी. "मोटर विहिरीवर चालली पाहिजे, दुकानात चालून कोणाचा ऊस भिजतो?" असं ते म्हणायचे म्हणे. मॅडमनी इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पुण्यात नोकरी केली, परत नगरला आल्या, पण सायकल काही सोडली नाही. आमच्या अवाढव्य कारखान्यात त्या दिवसभर या खुर्चीवरून त्या खुर्चीवर हिंडत असत, आणि त्यांची स्वतःची खुर्ची रिकामी.

'ओके' या शब्दाचं त्यांना वावडं होतं. कोणी "ओके आहे मॅडम" म्हणालं की लगेच, "कोणाचं ओके? कुठल्या खुर्चीवरून बघितलंत?" 'इश्यू'ही चालायचा नाही. "नाव नका ठेवू, काय होतंय ते सांगा." आणि 'अर्जंट' म्हणणाऱ्याचा नंबर हमखास मागे जायचा. टेबलाच्या खणात फुटाण्यांची पुडी असायची. ती कोणापुढे उघडायची आणि कोणापुढे नाही यावरून कारखान्यात माणसाची किंमत कळत असे. रोज्यांच्या महिन्यात मॅडम फार चिडक्या होतात अशी एक अफवा होती. ती पसरवणाऱ्याने त्यांना बाकीचे अकरा महिने बघितलं नसावं.

माझा कॉल का अडतो हे त्यांनी त्या दिवशी मला समजावून दिलं. तोवर माझ्या लेखी प्रॉक्सी म्हणजे कॉलेजात मित्राच्या नावाने हजेरी लावणं. त्या म्हणाल्या, कंपनीतून बाहेर जाणारं सगळं इंटरनेट एकाच मशीनमधून जातं, तीच प्रॉक्सी, ते फाटक समजा. मेल असो, वेबसाइट असो, प्रत्येक गोष्ट फाटकावर थांबते, उघडून तपासली जाते, नोंद होते, मग सुटते. पत्र थोडं थांबलं तर बिघडत नाही. व्हिडिओ कॉलला थांबता येत नाही. त्याला इकडच्या माणसाकडून तिकडच्या माणसाकडे सरळ वाहायचं असतं, आणि आमचं फाटक त्याला ओळखतच नाही. मग तो पत्रांच्या रांगेत घुसतो आणि घुसमटतो. "आवाज बारीक असतो, तो फटीतून निघून जातो. चित्र जाड. ते अडकतं."

"आमच्या कोपरगावला साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या बैलगाड्यांची रांग वेगळी आणि ट्रकची वेगळी असते," मी म्हणालो. माझे वडील तिथे नोकरीला होते. "नाहीतर एक बैलगाडी सगळ्यांना धरून ठेवते. पण वजनाला सगळे एकाच काट्यावर."

मॅडमनी चष्मा खाली ओढून मला पहिल्यांदा नीट बघितलं. "बरोबर. रांग वेगळी, काटा एकच. तेच करायचंय इथे." आणि खणातून फुटाणे काढले. माझी किंमत ठरली.

पण वेगळी रांग करायला हेड ऑफिसची परवानगी लागत होती आणि हेड ऑफिसला वेळ नव्हता. माझे उमेदवार गोठत राहिले. चालायचंच, असं मी मनाशी म्हणत होतो. मग दत्ताची चौकशी लागली, आणि चालण्यासारखं काही उरलं नाही.

दत्ता काष्टीचा. जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या मशीन शॉपमध्ये अशी काही मुलं आहेत, आणि कामाला ती इतकी नेटकी की सुपरवायझर त्यांना आपल्या लाइनवर घ्यायला भांडतात. दत्ता नागापूरला खोली घेऊन राहायचा, बाजाराच्या दिवशी गावी जायचा. त्याच्यावर आरोप असा, की मशीनचा धोक्याचा भोंगा वाजत असताना त्याने मशीन बंद केलं नाही, त्यामुळे स्पिंडल, म्हणजे मशीनचा महागाचा फिरता दांडा, मोडलं. ऐकू न येणाऱ्या माणसाने भोंगा ऐकला नाही हा आरोप! मी तो टाइप करतानाच माझ्या बोटांना लाज वाटली. पण कंपनीचं म्हणणं असं, की मशीनवर लाल दिवाही असतो, तो त्याला दिसायला हवा होता. म्हणजे हा निष्काळजीपणा, आणि निष्काळजीपणाला घरी पाठवतात. दत्ताची नोकरी या चौकशीवर टांगलेली होती.

चौकशी अधिकारी म्हणून बाहेरून एक वकील आले होते. चौकशी ट्रेनिंग रूममध्ये, मशीन शॉपला लागून. दत्ताचं म्हणणं समजायला सांकेतिक भाषेच्या दुभाषी हव्या होत्या, त्या नाशिकच्या मीनलताई. त्या व्हिडिओ कॉलवरून यायच्या होत्या. दत्ता हातांनी बोलणार, मीनलताई पडद्यावर बघून ते मराठीत सांगणार, आणि आमचे प्रश्न हातांनी त्याला सांगणार. कागदावर सगळं छान होतं.

कॉल लागला. मीनलताई दिसल्या, हसल्या, हात उचलला आणि तशाच गोठल्या. एक हात वर, एक छातीशी. आवाज मात्र खणखणीत. "हॅलो, मला दत्ता दिसत नाहीये. त्याचं चित्र थांबलंय. हॅलो?"

वकीलसाहेबांनी घड्याळ बघितलं. "आवाज तर येतोय ना? चालू द्या."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्यांनी आरोप वाचला, मीनलताईंनी तिकडे हातांनी सांगितला असेल, इकडे पडद्यावर त्यांचा एक हात वर तो वरच. दत्ता त्या हाताकडे बघत होता. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, तो बोलू लागला. भराभरा हात चालत होते, चेहरा लाल झाला होता, मशीनच्या दिशेने बोट दाखवत होता, डोक्यावर मूठ धरून उघडत मिटत होता. नाशिकला यातलं काही पोचत नव्हतं. त्याची आई चौकशीला काष्टीहून आली होती, ती कोपऱ्यात बसलेली. वकीलसाहेब तिच्याकडे वळले. "आई, तुम्ही सांगा तो काय म्हणतोय."

म्हातारी उठून उभी राहिली. "सायेब, भाकर खातो का, पानी पितो का, एवढं मला कळतं. मशिनीचं म्या काय सांगू? म्या कायबाय सांगायची आन् प्वाराची नोकरी जायाची. त्येचं त्येला सांगू द्या की."

"मग लिहा," वकीलसाहेब मला म्हणाले, "कामगार गप्प राहिला. खुलासा दिला नाही."

कॉल दुरुस्त करायला मी आधीच मॅडमना बोलावलं होतं. त्या दारात उभ्या होत्या. आत आल्या, दत्ताला हाताने "उठ" अशी खूण केली, त्याच्या खुर्चीत बसल्या आणि तिथून पडद्याकडे बघितलं. मग वकीलसाहेबांकडे वळल्या.

"गप्प कुठे राहिला? हात चालू आहेत त्याचे. तुमचं चित्र थांबलंय, साहेब."

"तुम्ही कोण?"

"नेटवर्क माझं आहे. लिहायचंच असेल तर लिहा, कंपनीचं नेटवर्क बंद होतं म्हणून कामगाराला बोलता आलं नाही. त्याखाली मी सही करते."

"मॅडम, हे तुमचं काम नाही."

"चित्र अडलंय तोवर माझंच काम आहे."

मी टाइप करायचा थांबलो होतो. वकीलसाहेब तापले, पण 'नेटवर्क बंद, सही नसरीन शेख' असं खाली घेऊन वर 'गप्प राहिला' लिहिता येत नाही एवढं त्यांच्याही ध्यानात आलं. त्यांनी पुढची तारीख दिली. जाता जाता बजावलं, पुढच्या वेळी चित्र असो नसो, चौकशी पूर्ण होईल. म्हणजे तेवढ्या अवधीत वाट झाली तर दत्ता बोलणार, नाहीतर त्याचं गप्प राहणं कायमचं कागदावर चढणार.

मॅडमनी हेड ऑफिसच्या दातारसाहेबांना फोन लावला. आमच्या सगळ्या कारखान्यांच्या आयटीचे ते प्रमुख. मी समोरच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता.

"आम्ही तोच कॉल इकडे लावून बघितला," दातारसाहेब म्हणाले. "एकदम ओके आहे."

मी मनात म्हटलं, आता.

"कुठल्या खुर्चीवरून बघितलंत, साहेब?"

"म्हणजे?"

"तुमच्या आयटीची मशिन्स प्रॉक्सीतून जातात का?"

"आमच्या मशिन्सना बायपास आहे. टेस्टिंगला लागतो."

"म्हणजे फाटकाच्या बाहेर उभं राहून तुम्ही सांगताय की रस्ता मोकळा आहे."

इथेच सगळी गोम होती. आयटीवाल्यांना मागची वाट, मोठ्या साहेबांना मागची वाट, आमच्या प्लांट हेडनाही मागची वाट. ज्यांच्या हातात फाटक होतं, त्यांच्यातला एकही त्यातून कधी गेलेला नव्हता. बरं, त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. त्यांना खरोखरच वाटायचं की सगळं चालू आहे. त्यांच्या खुर्चीवरून ते चालूच होतं! दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. या ओकेशी कसं भांडायचं?

मॅडमनी मागितलं ते असं: कारखान्याच्या हद्दीवर एक रिले सर्व्हर. आतलं मशीन रिलेशी बोलेल, रिले बाहेरच्याशी. त्याला फाटकातूनच वेगळी रांग; नोंद होईल, कोण बोलतंय हे तपासलं जाईल, पण दर थेंब अडवून उघडला जाणार नाही. दातारसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, पॉलिसी मीच लिहिली आहे. कुठलंही मशीन प्रॉक्सीला वगळून बाहेर जाणार नाही. नियम म्हणजे नियम."

रिले प्रॉक्सीला वगळत नव्हताच. पण मॅडमनी ते पुन्हा समजावलं नाही. त्या म्हणाल्या, "कुठलंही मशीन?"

"कुठलंही."

"बरं साहेब. नियम लावते."

फोन ठेवला आणि दोन फुटाणे तोंडात टाकले. मला तेव्हा काही कळलं नाही.

आमचे प्लांट हेड जगदाळेसाहेब माणूस वाईट नव्हे. त्यांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा त्यांनी मॅडमना बोलावून तोडगा सुचवला. "अहो, ट्रेनिंग रूमच्या त्या मशीनला तेवढ्या दिवसापुरती मागची वाट द्या. विषय संपवा."

"नाही देणार."

"का? तुम्हाला दत्ताचंच भलं करायचंय ना?"

"त्या मशीनवर कोणीही बसतो, कसलाही पेनड्राइव्ह लावतो. ते उघड्यावर सोडलं तर कंपनी उघडी पडेल, ते एक. आणि दुसरं, आज मेहेरबानी म्हणून द्याल, उद्या काढून घ्याल. त्या दिवशी कोणाचं बोलायचं राहिलं ते आपल्याला कळणारसुद्धा नाही. मला मेहेरबानी नको साहेब, वाट पाहिजे."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, "मॅडम, हातातलं घालवलंत. दत्ताची नोकरी जाईल आणि वर तुमचीही." माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी फुटाण्यांची पुडी माझ्यापुढून उचलून घेतली.

"माझी गेली तर मला मोटर भरता येते, कोळपे. दत्ताची जाऊ द्यायची नाही म्हणून तर चाललंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम लावला. कारखान्यातल्या सगळ्या मागच्या वाटा बंद. आधी स्वतःच्या मशीनची, मग आयटीची, मग शेवटी जगदाळेसाहेबांची. कोणाला गुपचूप नाही. सगळ्यांना रीतसर कळवलं, की हेड ऑफिसच्या नियमाप्रमाणे यापुढे कुठलंही मशीन प्रॉक्सीला वगळून बाहेर जाणार नाही. साहेब लोकांनी ते वाचलं की नाही देव जाणे. नियम आपल्यासाठी असतो असं वाचायची त्यांना सवय नव्हती.

जगदाळेसाहेबांची परदेशी गिऱ्हाइकांबरोबर बैठक होती. साहेब नवीन मशीन शॉपचं कौतुक सांगत होते आणि तिकडच्या पडद्यावर त्यांचे डोळे मिटलेले आणि तोंड अर्धं उघडं, असे ते गोठले. गिऱ्हाइकं सभ्य होती, त्यांनी शेवटपर्यंत त्या चेहऱ्याशी चर्चा केली. बैठक संपल्यावर कोणीतरी साहेबांना तिकडच्या पडद्याचा फोटो दाखवला. साहेब जिना उतरून स्वतः आयटीच्या खोलीत आले. असं आधी कधी घडलं नव्हतं.

"मॅडम, माझं चित्र अडकलं होतं म्हणे!"

"आवाज येत होता ना साहेब?"

"आवाज येत होता, पण..."

"आवाज तर येत होता ना?" मॅडम शांतपणे म्हणाल्या.

चौकशीच्या खोलीत काय झालं ते जगदाळेसाहेबांनी माझ्याकडून ऐकलेलं होतं, हे वाक्यही. ते तिथल्या एका स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चला, त्या खोलीत जाऊन बघू."

मॅडम त्यांना ट्रेनिंग रूममध्ये घेऊन गेल्या आणि दत्ताच्या खुर्चीत बसवलं. नाशिकला मीनलताईंना कॉल लावला आणि स्पीकर बंद केला. साहेब त्या गोठलेल्या हाताकडे बघत बसले. परत आले ते थेट दातारसाहेबांना फोन करायला. बंद दारातून आवाज येत होता, आणि त्यात 'कुठलंही मशीन' हे शब्द मला एकदा स्पष्ट ऐकू आले. हेड ऑफिसने मॅडमकडे खुलासा मागितला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: 'आपलाच नियम पाळला.' दातारसाहेबांनी रिलेला परवानगी दिली, पण हा खुलासा काही ते विसरले नाहीत.

पुढच्या तारखेला मीनलताई पडद्यावर आल्या आणि हलत राहिल्या. मला आयुष्यात कोणाच्या हलणाऱ्या हातांचा इतका आनंद झालेला नाही. दत्ता आधी जपून, मग सुसाट सुटला, आणि मीनलताईंचा आवाज त्याच्या मागोमाग:

"माझं मशीन हे नाही. त्या दिवशी मला दुसऱ्या मशीनवर लावलं. याचा लाल दिवा जळलेला आहे, लागतच नाही. मी सुपरवायझरला दाखवलं. दिव्याकडे बोट केलं, डोळ्याकडे बोट केलं, नाही अशी मान हलवली. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि गेले. मला वाटलं, त्यांना कळलं."

डोक्यावर मूठ धरून उघडमीट करणं म्हणजे मशीनवरचा दिवा. मागच्या तारखेला तो हेच सांगत होता. आणि आम्ही लिहिणार होतो, कामगार गप्प राहिला.

वकीलसाहेब उठून मशीन शॉपमध्ये गेले. दिवा अजूनही जळलेलाच होता. सुपरवायझरने थाप मारल्याचं कबूल केलं. "मला वाटलं तो गुड मॉर्निंग करतोय," म्हणाला. दत्ताची नोकरी राहिली. म्हातारीने पुढच्या खेपेला श्रीगोंद्याकडच्या लिंबांची पिशवी आणली आणि आयटीच्या खोलीत मॅडमच्या टेबलावर रिकामी केली. "तुमच्यामुळं त्येचं त्येला बोलाया मिळालं," एवढंच म्हणाली. मॅडम नेहमी कोणालाही काहीतरी तिखट उत्तर देत. त्या दिवशी त्यांनी एक लिंबू उचललं, हुंगलं आणि चष्मा पुसायला घेतला.

त्यानंतर त्या दुपारी कँटीनमध्ये दत्ताच्या टोळीत बसू लागल्या. हातांची भाषा शिकायला. त्यांचे हात जाड आणि अधीर, चुका भरपूर. पोरं पोट धरून हसायची आणि मॅडम हातांनीच त्यांच्याशी भांडायच्या. त्या पोरांत रीत आहे, आपल्या माणसाला ते हाताची खूण हेच नाव देतात. मॅडमचं नाव पडलं: तळहात वर करून झटक्यात उचलायचा. उठा!

पुढे हेड ऑफिसने सगळ्या कारखान्यांचं नेटवर्क आपल्याकडे घेतलं. मॅडमना तिकडे बढतीची जागा देऊ केली, एका अटीवर: मोठ्या साहेबांच्या मागच्या वाटा पुन्हा चालू करायच्या. रिले झाल्यावर त्यांचेही कॉल फाटकातूनच नीट जात होते. गरज काही नव्हती. पण साहेबांना रांगेत उभं राहायचंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "काटा एकच राहणार. नाहीतर मी नाही." त्यांनी राजीनामा दिला. मला फार वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. दोन्ही सांगून टाकतो.

निरोप समारंभ वरच्या मोठ्या हॉलमध्ये ठरला होता. मॅडम म्हणाल्या, करायचाच तर ट्रेनिंग रूममध्ये करा. तसा झाला. दत्ता आणि त्याची टोळी पुढच्या रांगेत. पडद्यावर अर्ध्या भागात हेड ऑफिसहून दातारसाहेब, अर्ध्या भागात नाशिकहून मीनलताई. दातारसाहेब मॅडमच्या शिस्तीबद्दल चांगलं बोलले, बराच वेळ बोलले, आणि त्यांचा शब्दन् शब्द मीनलताईंच्या हातांतून पुढच्या रांगेत पोचत होता. मग मॅडमना बोलायला सांगितलं.

त्या उभ्या राहिल्या. चष्मा नीट केला. आणि त्यांनी हात उचलले.

तोंडातून एक शब्द नाही. नुसते हात. तेच जाड, अधीर हात, चुकतमाकत, पण थांबत नव्हते. पुढची रांग ताठ होऊन बघू लागली. मागे बसलेल्या आम्हा बोलक्यांना काही कळेना. मीनलताईही भान हरपून बघत राहिल्या, क्षणभर सांगायचंच विसरल्या.

"मॅडम," दातारसाहेब पडद्यावरून म्हणाले, "तुमचा आवाज येत नाहीये. म्यूटवर आहात का?"

मॅडम थांबल्या. पडद्याकडे वळल्या. त्यांचे हात सावकाश चालले, एकही चूक न करता, आणि आता मीनलताईंचा आवाज आला.

"त्या म्हणताहेत, साहेब, चित्र तर दिसतंय ना? चालू द्या."

दातारसाहेबांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मला वाटलं पुन्हा चित्र अडकलं. पण नाही, रिले व्यवस्थित चालू होता. पुढच्या रांगेतले सगळे हात वर गेले आणि हवेत हलू लागले, ऐकू न येणाऱ्यांच्या टाळ्या तशाच असतात. दत्ता उभा राहिला, तळहात वर करून त्याने झटक्यात उचलला, आणि त्या नावासरशी मागे बसलेले आम्ही सगळे, जगदाळेसाहेबांसकट, खुर्च्यांवरून उठलो. मॅडम मात्र आमच्याकडे बघत नव्हत्या. त्यांचं भाषण अजून संपलं नव्हतं.